भातवाल्यांना बेबी पिंक नको!

आमच्या पेणच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत: ब्लाउजपीस आणि किस्से. ब्लाउजपीस निदान डब्यात राहतात. किस्से कुठं ठेवणार? माणूस कपडा अंगाला लावून बघतो, काहीतरी बोलून निघून जातो आणि ते बोलणं आमच्याकडेच राहतं.

दुकान साड्यांचं आणि ड्रेस मटेरियलचं, छोटंसंच. मी आणि सुनंदा, दोघीच. सुनंदा हमरापूरची. माझ्याकडे यायच्या आधी कितीतरी वर्षं ती कारखान्यात गणपती रंगवायची. मूर्तीच्या अंगाच्या रंगात पिवळा किती, तांबडा किती, हे तिला नुसत्या नजरेनं कळतं. माणसांचंही कळतं!

*

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी पनवेलला एका कोर्सला गेलो. कोणाला कुठला रंग शोभतो, याचा कोर्स. मॅडमनी माणसांचे चार ऋतू पाडले होते. त्यातला एक 'वॉर्म ऑटम', उबदार पानगळ. म्हणजे कातडीत पिवळसर-तांबूस झाक, डोळे तपकिरी, केस उन्हात तांबूस दिसणारे. अशांना मस्टर्ड, विटकरी, शेवाळी, मेहंदी असे रंग खुलतात. बेबी पिंक, फिकट निळा, पांढराशुभ्र घातला की चेहरा विझतो.

मग पडद्यावर परदेशातली लाल-पिवळी झाडं आली. मॅडमनी विचारलं, "असा ऑटम कोणी बघितलाय?"

सुनंदानं हात वर केला. "पानांचं नाय माहीत मॅडम. आमच्याकडं तेव्हा भात पिकतं. शेत पिवळं, बांध तांबडा, कडेचं गवत शेवाळी. चालेल?"

मॅडमनी पडद्याकडे वळून बघितलं. म्हणाल्या, "चालेल काय, तेच तर सांगतेय मी मघापासून!"

तेव्हापासून अशा गिऱ्हाइकांना आम्ही 'भातवाल्या' म्हणतो. परतीच्या एसटीतच ठरवून टाकलं: भातवालीला बेबी पिंक द्यायचा नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं!

*

आणि पहिलंच गिऱ्हाईक गेलं!

शाळेतल्या एक बाई आल्या. गॅदरिंगसाठी साडी हवी होती आणि बेबी पिंकच हवी होती. आम्ही त्यांना दारापाशी उजेडात उभं केलं, कारण ट्यूबलाइट सगळ्यांना एकाच रंगात रंगवते. एका खांद्यावर गुलाबी, दुसऱ्यावर 'हा भाताचा रंग' म्हणत विटकरी. सुनंदा लांब जाऊन बघत होती, जशी मूर्तीकडे बघायची.

"साडी छान दिसतेय बाई," ती म्हणाली. "पण तुमी कुठं गेलात?"

बाई भडकल्या. "मी साडी घ्यायला आलेय, अपमान करून घ्यायला नाही!" समोरच्या दुकानातून त्यांनी तशीच गुलाबी घेतली, आम्हाला दिसेल अशी पिशवी हलवत गेल्या.

गॅदरिंग झालं. चार दिवसांनी बाई पुन्हा दारात. हातात ग्रुप फोटो. "यात साडी दिसतेय, मुलं दिसतायत, मागचा शिपाईसुद्धा दिसतोय. मीच नाही!" मग खुर्ची ओढून बसल्या. "काढा ते तुमचं भात!"

*

गुरुवारी मी रोह्याला जाते. तिथं नणंदेच्या हॉलमध्ये कपड्यांचं गाठोडं उघडून बसते. एकदा शेजारची एक वहिनी नवऱ्याला धरूनच घेऊन आली. नवरा कंपनीत, शिफ्ट संपवून आलेला, बिचारा जांभया देत होता. तिनं मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक भावाच्या लग्नातला, आकाशी शर्टातला. दुसरा कंपनीतला, नारिंगी सेफ्टी जॅकेटमधला.

"ताई, खरं सांगा. लग्नापेक्षा हे कंपनीतच बरे दिसतात. का?"

"कारण कंपनीनं रंग बरोबर निवडला!" मी म्हटलं.

नवऱ्याची झोपच उडाली. त्याला मी गंजाच्या रंगाचं शर्टपीस दिलं. शिवून झाल्यावर तो सुट्टीच्या दिवशी एका कागदासाठी मुद्दाम तोच शर्ट घालून कंपनीत गेला. गेटवरच्या वॉचमननं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"साहेब, भारी दिसताय आज! पण हेल्मेट कुठंय?"

*

सगळेच किस्से आमच्या शहाणपणाचे नाहीत. आमचीही एकदा फजिती झाली, तीही माझ्यामुळे. एका नव्या सुनेला मी भरात मस्टर्ड ड्रेस दिला. सुनंदा मागून खुणावत होती, "नाय ताई, ही भातवाली नाय." पण मी ऐकते थोडीच!

आठवड्यानं तिची सासू आली. "तुमच्या त्या ड्रेसनं पोरगी इतकी पिवळी दिसली गो, की मी तिला दोन दिवस काविळीचं औषध पाजलं!"

ड्रेस मी मुकाट बदलून दिला. निळा. आणि त्या दिवसापासून शेवटचा शब्द सुनंदाचा.

*

खांब गावची प्राची आली तेव्हा सोबत तिची आत्या होती. मुलगी बघायला पाहुणे येणार होते. आत्या काउंटरला टेकायच्या आधीच म्हणाली, "फिकट दाखवा. सावळी आहे ना, जरा उजळ दिसायला हवी."

प्राची खाली बघत उभी. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

सुनंदानं आधी आत्याच्या मनासारखा फिकट गुलाबी लावला. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला. मग मस्टर्ड लावला. प्राचीनं मान वर केली आणि ती वरच राहिली.

"अगो, ह्यात तर रंग आणखी उठून दिसतो!" आत्या म्हणाली.

"उठून दिसायलाच तर बसवणार आहात ना मला, आत्या?"

मस्टर्डच घेतला. महिनाभरानं तिचा फोन आला. मी घाबरतच विचारलं, "जमलं का गं?"

"नाही जमलं. मुलाच्या आईनं कळवलंय, मुलगी जरा जास्तच डोळ्यांत भरते!" ती हसत होती. मग हसणं थांबवून म्हणाली, "काकी, तसलाच अजून एक ठेवा माझ्यासाठी. पुढचे पाहुणे रविवारी आहेत."

*

खाडीकडच्या गावातली एक म्हातारी मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिठागरात जन्म गेलेला. तोंड आणि हात तांब्याच्या भांड्यासारखे. भर दुपारी एकटीच पायऱ्या चढून आली, टेकली, पाणी प्यायली.

"मना येक लुगडं दाखव गो. शेवटचं."

"शेवटचं म्हणजे आजी?"

"जाताना नेसवतात ना, त्ये. सुना सेलातलं आनतील. माजं मीच बगून ठेवनार."

मी उगाच पाण्याचा ग्लास विसळायला घेतला. सुनंदानं मात्र कुठल्याही गिऱ्हाइकाला धरावं तसं तिला हाताला धरून दारापाशी नेलं. आधी पांढरं लावलं, कारण आजीनंच तसं सांगितलं. नवरा गेल्यापासून ती फिकटच नेसत होती.

आजीनं आरशात बघितलं. "ह्याच्यात मी आतापासनंच मेलेली दिसतंय."

मग अबोली. नको. फिकट निळं. नको. आम्ही हट्टाला पेटलो, आजी आमच्याहून जास्त. काउंटरवर ढीग झाला. शेवटी सुनंदानं वरच्या फळीवरून विटकरी काढलं, मस्टर्ड काठाचं, आणि पदर तिच्या खांद्यावर टाकला.

आजीनं पदर एकदा डोक्यावरून घेतला, एकदा खाली सोडला. हात पुढं करून काठावर ठेवला आणि हाताकडेच बघत बसली.

मी हळूच विचारलं, "घडी घालून पिशवीत देऊ का आजी?"

"पिशवी कशाला? नेसून जातंय."

"अहो पण आजी, हे तर तुम्ही शेवटासाठी..."

म्हातारी आमच्या ट्रायल रूमकडे निघालीसुद्धा होती. पडदा सरकवता सरकवता म्हणाली,

"मेल्यावर आरशात कोन बगतंय गो?"