मुकं मशीन

अप्पांना रोज वाफेतून औषध घ्यायचं होतं. त्याचं मशीन घ्यायला आम्ही बिदरला गेलो, तेव्हा त्यांनी दुकानदाराला एकच विचारलं, "आवाज किती करतंय?"

दुकानदाराने दोन मांडली. एक डब्याएवढं, चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं गरगरणारं. दुसरं मुठीत मावणारं, मुकं. "अक्का, मोठं घ्या. रोज दोनदा लागतंय तर हेच टिकतंय. बारक्याचं औषध जाळीतून फवारतंय, ती जाळी लई नाजूक हाय, पाण्याला जपावं लागतंय." मी मोठ्याकडे हात केला. अप्पा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

का, ते मला माहीत होतं. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात रसायनाची पोती उचलून त्यांची छाती गेली होती, टीबी नव्हताच. पण खोकणाऱ्या माणसाच्या आजाराला गावात दुसरं नाव नसतं. लहानपणी त्यांनी हुलसूरच्या हॉटेलात आमच्या वस्तीचे वेगळे कप पाहिले होते. बाहेर वळचणीला टांगलेले, आपणच विसळून परत टांगायचे. "पुन्यांदा त्यो कप नको," मी पायरीवर गेले तेव्हा अप्पा म्हणाले. "अन् आता तर आपलेच लोक देतेल." मी मुकं मशीन घेतलं. कमठाण्यात आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, शेजारी भाकरी थापली तरी ऐकू येते.

सकाळ-संध्याकाळ दार लावून अप्पा मास्क लावून बसत. आई बोअरचं पाणी उकळून जाळी धुवायची. उकळलं की पाणी चांगलं, ही आमच्याकडची श्रद्धा. पातेल्याच्या बुडाचा पांढरा थर आम्ही रोज खरवडतो आणि विसरतो. तोच थर जाळीत बसला. आवाज नव्हताच, त्यामुळे मशीन काम करेनासं झालंय हेही कळलं नाही. तळाला उरलेलं औषध आई ओतून द्यायची, थोडं उरतंच म्हणून. पंधरा दिवस अप्पा रिकाम्या मास्कमध्ये श्वास घेत होते. मग ओठ निळे पडले, दवाखाना झाला. छातीतली जी ताकद गेली ती परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला माझीच चीड आली. अजून येते.

मोठं मशीन आणलं. गरगर सुरू झाली तशी शेजारची अक्का दारात. अप्पांनी मान खाली घातली. ती आत येऊन त्यांच्याजवळ बसली, आमच्याच कपातून चहा प्यायली.

"बरं झालं आणलात," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, तुमचा खोकला ऐकूनच आम्ही उठायलाव. कारखान्यानं छाती खाल्ली, सगळ्या गल्लीला ठावं हाय."

अप्पांनी मास्क खाली ओढला. "मग मी कुणापासून लपवायलतो?" त्यांनी मला विचारलं, आणि रडायला लागले. औषधाची वाफ खोलीत वाया जात होती. मास्क लावा, असं त्यांना म्हणायला माझं तोंड उघडेना.