बरगड्यांचा तास

साल १९३१, मार्गशीर्षातला एक सोमवार. रत्नागिरीतल्या शाळेत इंग्रजी पाचवीचा वर्ग. मला धरून मुलं एकतीस, शरीरशास्त्राचे मास्तर एक. टेबलाजवळ सदरा काढून उभा होतो तो मी.

शाळेतला सांगाड्याचा तक्ता त्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला होता. नव्याला मंजुरी नव्हती. मास्तरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"तू ये. सदरा काढ. तुझं सगळं दिसतं."

दिसत होतंच. आम्ही कुणबी, खोताची कुळं. गाव शहरापासून चार मैलांवर. सकाळी नाचणीची पेज पिऊन निघायचं, संध्याकाळी घरी जाऊन खायचं.

मास्तरांनी छडीचं टोक गळ्याखाली ठेवलं. हे हासळीचं हाड. पाठीमागे वळवलं. हा खांद्याचा फरा. हे मणके. पुन्हा पुढे. ही उरोस्थी, छातीच्या मधलं हाड, आणि ह्या बरगड्या. बारा जोड्या. वरच्या सात थेट उरोस्थीला जोडलेल्या. शेवटच्या दोन जोड्या पुढे मोकळ्या, त्यांना तरंगत्या म्हणतात.

"एकेकाने या. बोट लावून मोजा."

तीस मुलं आली. तीस बोटं. काहींची गार, काहींची घामट. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गुदगुल्या होत होत्या आणि हसायचं नव्हतं.

आमच्या खोताचा मुलगा बाळ त्याच वर्गात. त्याची पाळी आली. त्याने तरंगती बरगडी बोटाने दाबली आणि म्हणाला, "सर, आमच्या गोठ्यातल्या पाड्याच्या अशाच दिसतात, वैशाखात."

वर्ग हसला. मास्तरही हसले. मग म्हणाले, "नाही रे. बैलाला तेरा जोड्या. माणसाला बारा."

एवढी चूक त्यांनी सुधारली. एवढीच.

मास्तर दुष्ट नव्हते, हे लिहायला हवं. मारत नसत. तास संपल्यावर त्यांनी मला डब्यातलं केळं दिलं. मी ते खाल्लं. भूक होती.

पुढे दर सोमवारी मला बोलवत. श्वासोच्छ्वास शिकवायचा, तर छाती कशी फुगते ते माझ्यावर. हृदयाचे ठोके, तर बरगड्यांच्या फटीत कातडी उडते ती माझी. मुलं मला सांगाडा म्हणू लागली. मधल्या सुट्टीत हाक यायची, "ए सांगाड्या, बॉल दे." मी द्यायचो.

मी गप्प राहिलो याला कारण होतं. मला नादारी होती, म्हणजे फी माफ. नादारीला गरिबीचा दाखला लागे आणि दाखल्यावर सही खोताची. आई दर जूनला खोताच्या ओटीखाली, अंगणात उभी राहून ती सही आणायची. मी शाळेत सदरा काढायचो. दोन्ही एकच काम आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

पौषात अन्नाचा धडा आला. मास्तर म्हणाले, "खाल्लेलं गरजेपेक्षा जास्त झालं की शरीर त्याची चरबी करून कातडीखाली साठवतं. कमी पडलं की आधी साठा खर्च करतं. साठा संपला की मांस." मी वहीत लिहून घेतलं. मग सहज बाळकडे बघितलं. त्याच्या दंडाला वळी होती.

मला हिशेबाची खोड लहानपणापासून. आमच्या खाचरात भात पिकायचं, त्यातलं अर्धं खोताच्या कोठारात जायचं. त्याला अर्धेल म्हणत. वर वेठ. आई त्यांच्या शेतावर फुकट राबायची, स्वतःची लावणी मागे ठेवून. वडील मुंबईला गिरणीत. सुट्टीच्या दिवशी मीही खाचरात. म्हणजे राबणारी तीन माणसं आणि साठा कोणाच्याच अंगावर नाही. बरगड्या बाळलाही तेवढ्याच. फरक हाडांत नव्हता. वरच्या थरात होता. आणि तो थर आमच्या खाचरातून गेला होता.

त्या दिवशी घरी जाताना मला राग आला नाही. थकवा आला. इतकी साधी वजाबाकी, आणि मी दोन महिने उघडा उभा होतो.

माघात तपासणीला इन्स्पेक्टर आले. पुण्याकडचे, पगडीवाले. हेडमास्तर सोबत. मास्तरांनी वर्ग नीट बसवला होता.

"ये रे. सदरा काढ."

मी उभा राहिलो, पण जागेवरच.

"सर, आज दुसऱ्या कोणाच्या दाखवा."

मास्तर हसल्यासारखे झाले. "दुसऱ्या कोणाच्या दिसतात का?"

"का दिसत नाहीत, तेही शिकवा सर."

कोणी हसलं नाही. हेडमास्तरांचा चेहरा लाल. मास्तर पुन्हा म्हणाले, हळू आवाजात, "काढ सदरा." मी म्हणालो, "नाही काढणार." दोन्ही हातांनी बाक धरला होता.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ बघितलं. "पुढे चला मास्तर. वेळ नाही."

एवढंच. कोणी माझी बाजू घेतली नाही.

बाळने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी खोताने आईला बोलावलं. "काय गो, पोराला जीभ फुटली म्हणे तुझ्या? आण त्याला इथे. पाया पडू दे. नाहीतर दाखला मागे घेतो."

आई घरी आली. चुलीपुढे बसली. "काय बोल्लास तां सांग. जसा बोल्लास तसा."

मी सांगितलं. अर्धेलीचा हिशेबही सांगितला.

तिने चुलीत लाकूड सारलं. "खोटां काय हाय त्यात?" मग म्हणाली, "पन सदरा काढला असतास तर काय झिजला असतास काय रे? फी कुठून आनू मी?"

पण तिने मला पाया पडायला नेलं नाही.

फाल्गुनापासून नादारी बंद. फी महिना दोन रुपये. एक रुपया मी रविवारी बंदरावर मचव्यातून कौलं उतरवून मिळवायचो. दुसरा वडील पाठवायचे, खानावळीत एक वेळ जेवून. म्हणजे जे गेलं ते पुन्हा आमच्याच अंगातून. त्यात मला विजय वाटला नाही. आजही वाटत नाही.

मृगाच्या तोंडाला खोताचा माणूस वेठीला बोलवायला पडवीशी आला. आई भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दाखला न्हाय, वेठ न्हाय. सांग जा तुज्या धन्याला."

"खाचर जाईल तुझां."

"जाऊं दे. आता कुठं प्वॉट भरतांय त्यान?"

पुढच्या साली एक खाचर गेलं. चांगलं होतं, पाण्याजवळचं.

आता माझं वय पन्नाशीपुढे. खोती कायद्याने गेली. पण गरिबाला पुढे बोलावून उघडं उभं करायची आणि वर केळं द्यायची रीत गेलेली नाही. अर्ज बदलले, सह्या बदलल्या. मी ठरवलं ते असं. गरिबी दाखवून काही मागायचं नाही. आमच्यातून काय गेलं ते मोजायचं, आणि ते मागायचं. मान खाली घालून नाही. माझ्या मुलांना मी हेच शिकवलं. त्यामुळे त्यांचं पुष्कळदा अडतं. अडू दे.

मॅट्रिकपर्यंतची फी भरली ती शाळेच्या कारकुनाकडे, महिन्याच्या महिन्याला, पूर्ण. खोताला अर्धेल दिली, कारण तेव्हा सुटका नव्हती. त्या मृगानंतर वेठीचा दिवस एकही दिला नाही.