टाचेचा आवाज

फादरांनी काळ्या बुटांचा जोड माझ्या टेबलावर ठेवला. "मोरे, हे तुमचं काम?"

मी बूट उलटे केले. तळ एमसीआरचा, शिलाई माझी. मी हो म्हणालो.

अंबरनाथच्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात मी रोग्यांसाठी चपला-बूट बनवायचो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. कुष्ठरोगात तळपाय बधिर होऊ शकतात. गोळ्यांनी रोग बरा होतो. गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, बोटं जातात. म्हणून एमसीआर, म्हणजे मऊ, सच्छिद्र रबर वापरायचं. खिळा मारायचा नाही. चिकटवायचं आणि शिवायचं.

फादर दवाखाना चालवायचे आणि भिंतीपलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते. सकाळी ते स्वतः रोग्यांच्या जखमा धूत. दुपारी शाळा. तिथले नियम छापील होते. बूट काळे, चामड्याचेच. तसे नसतील तर पायातले काढून प्रार्थना संपेपर्यंत अनवाणी उभं राहायचं. दवाखान्यात त्यांचा नियम एकच: रोग्याचं नाव भिंतीपलीकडे जाणार नाही.

वंदना त्याच शाळेत आठवीत होती. राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. दवाखान्यात ती शनिवारी यायची. त्या दिवशी फादर बदलापूरकडच्या खेड्यांत रोगी तपासायला जात. तिचे दोन्ही तळवे बधिर होते. मी एमसीआरची चप्पल पुढे केली, तर तिच्या आईने ती परत सरकवली.

"ही नको, भाऊ. चाळीतलं शेंबडं पोरगंसुद्धा ओळखतं, दवाखान्याची चप्पल म्हणून. आणि शाळेत बूटच लागतात."

"फादरांना चिठ्ठी द्या. ते सूट देतील."

"चिठ्ठी आधी वर्गाच्या बाईंकडे जाते. मग स्टाफरूममध्ये. उद्या हिचं लग्न तुम्ही जमवणार?"

मी शाळेच्या बुटांसारखे दिसणारे बूट शिवले. वरून काळं चामडं, खाली एमसीआर. वंदनाने घालून पाहिले. "काका, पॉलिश जास्त झालंय. पोरी विचारतील, कुठल्या दुकानातून घेतले."

पुढचं मला पी.टी.च्या सरांनी नंतर सांगितलं. मार्च महिना, दुपारच्या शाळेची प्रार्थना. सरांनी 'सावधान' म्हटलं. टाचा वाजल्या. आठवीच्या रांगेत एका ठिकाणी वाजल्या नाहीत. सरांनी पुन्हा 'सावधान' दिलं, मग वाकून तळ पाहिला.

"रबर? काढ."

कॅनव्हासचे बूट घातलेली आणखी तीन मुलं बाहेर काढली होती. चौघं शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहिली. फरशी तापलेली होती. तिघं पाय आळीपाळीने उचलत होती. वंदना हलली नाही.

सर म्हणाले, "शिस्त बघा हिची. शिका जरा."

फादर व्हरांड्यात होते. त्यांनी वाक्य ऐकलं आणि पायांकडे पाहिलं. धावत जाऊन त्यांनी तिला उचललं आणि भिंतीतल्या दारातून दवाखान्यात आणलं. सगळी शाळा पाहत होती.

तिच्या तळव्यांना फोड आले होते. मलमपट्टी करून फादर तिचे बूट घेऊन माझ्याकडे आले होते.

"ती माझ्या शाळेत आहे, हे मला का सांगितलं नाहीत?"

"नियम तुमचाच आहे, फादर."

"कोणता?" त्यांनी विचारलं. उत्तराला थांबले नाहीत.

वंदनाची आई दुसऱ्या दिवशी शाळेचा दाखला मागायला आली. दाखल्यावर कारणापुढे फादरांनी स्वतःच्या हाताने 'स्थलांतर' लिहिलं. उजव्या पायाची जखम भरली नाही. करंगळी काढावी लागली. फादर रोज तिचे पाय धूत. ती त्यांच्याशी बोलत नसे. पुढे ते कुटुंब कात्रपला राहायला गेलं. वंदना पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. अनवाणी उभं करण्याचा नियम फादरांनी त्याच आठवड्यात रद्द केला.

मी बूट दिसतो कसा, एवढंच पाहिलं होतं. त्यानंतर शाळेत जाणाऱ्या रोग्यांच्या बुटांना मी टाचेखाली कडक चामड्याचा थर चिकटवू लागलो. जोड देण्याआधी फरशीवर आपटून ऐकायचो.