माझ्या जास्वंदीला मूठभर युरिया

आज, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या दादारावांनी माझ्या कुंडीतल्या जास्वंदीला मूठभर युरिया घातला. मला न विचारता!

दुपारपर्यंत सगळ्या पानांनी माना टाकल्या.

जाब विचारला तर म्हणतात, "मॅडम, आमच्या कपाशीला बराबर चालतो. काई होत न्हाई."

"अहो, ही कुंडी आहे, तुमचं वावर नाही!"

आमच्या ह्यांनी लावलेलं हे शेवटचं झाड. दाणे खरवडून काढले, कुंडी सावलीत ओढली. आता भरपूर पाणी ओतून माती धुवायला हवी. नळ येणार गुरुवारी आणि घरात उरली एकच बादली. दुसरा उपाय कुणाला माहीत आहे का?

दादाराव, तुम्हीही या ग्रुपवर आहात. तुमच्या टाकीतलं चार बादल्या पाणी देणार की नाही? संध्याकाळी सहाच्या आत इथेच लेखी उत्तर द्या.