पिकलेल्या चिकूंची टोपली

सिस्टरच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी आमोस यायचा. आमोस असं म्हणतो, आमोसला हे खपलं नसतं. चिंचणीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या म्हणून गावाच्या सिस्टर. नगरकडच्या ख्रिस्ती, आमच्यात इतकी वर्षं राहून त्यांची अर्धी भाषा पवित्र शास्त्राची आणि अर्धी आमची हाय-नायची झाली होती. आमोस हा त्यांचा थोरला भाऊ, अशी माझ्या आईची पक्की समजूत. एकदा तिने भावाची तब्येत विचारली, तर सिस्टर म्हणाल्या, ते जाऊन खूप वर्षं झाली. आई हळहळली, आपल्याला कळवलं नाही म्हणून रागावली आणि दुपारी पिठलं-भाताचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेली. सिस्टर पोटभर जेवल्या. मग शांतपणे सांगितलं, की आमोस हजारो वर्षांपूर्वीचा संदेष्टा आहे, नातेवाईक नाही.

हा आमोस काही गोड बोलणारा गृहस्थ नव्हता. हस्तिदंती पलंगावर लोळायचं, सणाला गाणी म्हणायची आणि गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकायचं, असल्या लोकांना तो फाडून खायचा. सिस्टर हे आमच्याच ओटीवर, आमचाच चहा पीत सांगायच्या. आम्हाला ते त्यांच्या इंजेक्शनसारखं वाटे. क्षणभर टोचायचं, मग चोळून विसरून जायचं. "तो काय साधू नाय," त्या बाबांना म्हणायच्या, "तुमच्यासारखाच फळवाला. उंबराची झाडं सांभाळायचा."

रविवारी प्रार्थनेनंतर त्या आमच्या वाडीत चिकू न्यायला येत आणि नेमके पिकलेले मागत. बाबांना हसू यायचं. चिकू झाडावरून कडकच उतरवतात. नखाने साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळट दिसलं तर तोडायचं. पिकलेल्याला व्यापारी हात लावत नाही. "पिकलं की संपलं," बाबा म्हणाले. सिस्टर एकदम खूश झाल्या. देवाने आमोसला हेच दाखवलं होतं म्हणे: पिकलेल्या फळांची टोपली, आणि सांगितलं, की शेवट आला. मी तेव्हा कॉलेजात होतो. इतकी चांगली फळं, त्यात शेवट कसला? मी विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या बापाला विचार. मी विचारलं नाही.

वाडीच्या टोकाला चिकू तोडणाऱ्यांची तीन घरं होती. लखमी त्यातली थोरली. बाबांनी त्यांना शब्द दिला होता, झाडं आहेत तोवर घरं तुमची. कागद नव्हता, सिस्टर तेवढ्या समोर होत्या. बाबा गेले आणि बोईसरच्या कंपन्यांना गोदामं हवी झाली. मी झाडं तोडली. झाडंच नाहीत म्हटल्यावर शब्द मोडला कुठे? हे मी लखमीला अगदी समजावून सांगितलं. मला ते पटलं होतं, आणि तरी झोप नीट लागत नव्हती.

गोदामाच्या पायापूजनाला सिस्टर आल्या, हातात पिकलेल्या चिकूंची टोपली. विकत आणलेले होते. पाहुण्यांनी कौतुक केलं, मीही वाकून नमस्कार केला. आमोस आठवला तो संध्याकाळी. आशीर्वाद होता की आणखी काही, याचा उलगडा होईना. मला खरंच भीती वाटली. आणि चिकू तर उद्यापर्यंत टिकणार नव्हते. त्याच दिवशी तिन्ही घरं सामान बांधून वाणगावकडे निघाली होती. मी ती टोपली त्यांच्या टेम्पोत ठेवून दिली. तेव्हा ते औदार्य वाटलं होतं.

पुढे वाईट काहीच घडलं नाही. गोदाम भरलं, घरावर मजला चढला. आमोस खोटा ठरला म्हणावं तर सिस्टरसमोर नजर वर होत नव्हती. त्या वाणगावला कुणाकडे तरी अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेलो. लखमी त्यांना आपल्या घरी घेऊन आली होती, हे तिथे पोचल्यावर समजलं. मी सरळ विचारलं, ती टोपली कशासाठी होती?

"चिकू कुनी खाल्ले?" त्यांनी विचारलं.

मी लखमीकडे पाहिलं. सिस्टर समजल्या.

"मग निरोप चुकीच्या घरी गेला, सुधीर. त्यांना तो आधीच म्हाईत होता."

चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांचं सख्खं असं कुणी नव्हतं. पिठलं-भात कुणाच्या दारी न्यायचा? आई असती तर तिने क्षणात सांगितलं असतं. मी डबा घेऊन लखमीकडेच गेलो. तिने तो घेतला, चटई टाकली, दोन ताटं मांडली.

"बस, शेट. तू पन जेव."

मी बसलो. घास हातात तसाच राहिला. तिने मला माफ केलं होतं की नुसतं जेवायला बोलावलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.