आधी शेवट

शांती नगरात राहायला आलो तेव्हा घरात एक गादी, टीव्ही आणि लग्नात मिळालेला व्हीसीडी प्लेअर, एवढंच सामान होतं. एका रविवारी दुपारी नवऱ्याने खालच्या दुकानातून जुना, ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी विनोदी पिक्चर आणला. दोन डिस्क होत्या. दुकानदाराने त्यांवर मार्करने एक आणि दोन लिहिलं होतं, तेही उलटं.

आम्हाला काय माहीत! पिक्चर सुरू झाला तोच बंगल्यात. नोकरचाकर, हिरे, काकाची अचानक मिळालेली इस्टेट, आणि नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण.

“नावं कशी आली नाहीत?” मी विचारलं.

“जुने पिक्चर असेच असतात,” नवरा म्हणाला. त्याला सगळंच माहीत असतं.

शेवटाकडे डिस्क अडकली म्हणून दुसरी लावली, तर ठळक अक्षरांत नावं सुरू झाली. मी आधीच्या डिस्कवरचा ‘एक’ त्याच्यापुढे धरला.

तरी पाहिलं. तीच दोघं गळक्या खोलीत, एका बशीतून पाव खात, पोट धरून हसतायत. इस्टेटीचा वकील जिना चढून येतो, दारावर टकटक करतो, आणि डिस्क संपते.

“उघडू नका रे दार,” नवरा टीव्हीला म्हणाला.

त्या दुकानदाराचे माझ्यावर उपकार आहेत. आता घर मोठं झालंय, भांडणंही मोठी होतात. पण जेवताना बेल वाजली की नवरा अजून तेच कुजबुजतो, आणि मी हातातला घास घेऊन तशीच बसून राहते.