एकेचाळीसशे माणसं रविवारी कुठे जातात

मनोहर तोडणकर कुठेही गेले की आधी माणसं मोजतात. लग्नाचा हॉल असो, दवाखान्यातली रांग असो, मंडळाच्या नाटकाचा प्रयोग असो. नाटकवाल्यांनाही ही खोड असते. पडद्याच्या फटीतून डोळा लावून थिएटर किती भरलंय ते पाहिल्याशिवाय त्यांना तोंडाला रंग लावून स्वस्थ बसवत नाही. पण नाटकवाला भरलेल्या खुर्च्या मोजून थांबतो. तोडणकर त्यापुढे जातात. यात म्हातारे किती, पोरं किती, कामावरून थेट आलेले किती, आणि मध्यंतरात यातले किती जण वडा खातील, हे सगळं ते पहिल्या घंटेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत काढून मोकळे होतात. वड्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

ही सवय जहाजावरची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून निघालेला हा माणूस बावीस वर्षं इंजिनखोलीत होता, त्यातली नऊ वर्षं चीफ इंजिनिअर. नंतर सिंगापूरच्या एका दुरुस्तीच्या गोदीत अठरा वर्षं. दुरुस्तीला आलेल्या जहाजावर चढताना ते शिडीवरच दोन प्रश्न विचारायचे: माणसं किती, आणि रोज गोडं पाणी किती लागतं? एकदा एका जहाजाच्या कागदांवर चोवीस माणसं होती आणि पाणी एकतीस जणांचं उडत होतं. सगळे म्हणाले, पाइप गळतोय. तोडणकर म्हणाले, पाइप ठणठणीत आहे, सात माणसं दाखवा. खालच्या कोठारात सात रंगारी निघाले, मालकानं नोंद न करताच आणलेले. ही गोष्ट गोदीतले लोक वर्षानुवर्षं सांगत आणि तोडणकर ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकत.

पत्नी गिरिजाबाई होत्या तोवर या मोजामोजीला घरात लगाम होता. ‘‘अहो, पाहुणे आहेत ते, खलाशी नव्हेत,’’ असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. त्या गेल्यावर मुलगी प्रणिता आणि जावई वरुण त्यांना मरीन परेडच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आले. त्र्याहत्तराव्या वर्षी तोडणकर रोज सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालतात, परतताना हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पितात आणि घरी येऊन सांगतात की आज सायकलवाले कालच्यापेक्षा जास्त होते.

तर अशा माणसाच्या हाती प्रणितानं एक दिवस अख्खी काउंटी दिली.

प्रणिताची कंपनी औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवते. कंपनी अमेरिकेत नवा कारखाना काढणार होती, हॅलोवे नावाच्या काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखाच एक मुलूख. तिथली कारखानाप्रमुख कोण, यासाठी तीन नावं होती आणि त्यातलं एक प्रणिताचं. अकरा वर्षं ती या कंपनीत कुणाचा ना कुणाचा उजवा हात होती. तिला आता स्वतःचे दोन हात हवे होते. जायचं झालं तर वरुण आणि मुलगी किमया बरोबर जाणार, तोडणकर सहा महिने तिथं आणि सहा महिने इथं राहणार, हे ठरून गेलं होतं. प्रश्न एकच होता: जागा मिळते की नाही. तिन्ही उमेदवारांना एकच विषय दिला होता. दोन पाळ्यांचा कारखाना, अडीचशे माणसं. ती आणणार कुठून?

‘‘बाबा, तुम्हाला आकड्यांची हौस आहे ना,’’ प्रणिता म्हणाली, ‘‘जनगणनेचं सगळं नेटवर आहे. मला वेळ नाही. तुम्ही बघाल?’’

‘‘कधीपर्यंत?’’

‘‘तीन आठवडे.’’

‘‘पुष्कळ झाले. तीन आठवड्यांत मी जहाज उघडून परत बांधून दिलंय.’’

मग जेवणाच्या टेबलाचं अर्धं अंग हॅलोवेनं व्यापलं. कागद, पट्टी, तीन रंगांची पेनं. रोज सकाळी नाश्त्याला तोडणकर भारदस्त आवाजात बातमीपत्र वाचत.

‘‘हॅलोवेची वस्ती एकतीस हजार. मधल्या, म्हणजे ना गरीब ना श्रीमंत अशा घराचं वर्षाचं उत्पन्न बावन्न हजार डॉलर.’’

‘‘सिंग डॉलर ऑर यूएस?’’ तेरा वर्षांच्या किमयानं आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

‘‘अमेरिकेत सिंगापूरचे डॉलर कोण देईल, बये? पुढे ऐक. एके काळी तिथं कापडाच्या तीन गिरण्या होत्या, आता एकही नाही. शंभरातले ब्याण्णव कामकरी गाडीनं कामाला जातात. बस नावाचा प्रकार नाही.’’

‘‘नो बस? मग मी स्कूलला कशी जाणार?’’

‘‘शाळेची बस असते. पिवळी.’’

‘‘ओके, दॅट वन क्यूट लह.’’

दुसऱ्या आठवड्यात त्यांना ते घबाड सापडलं. हॅलोवेत पुरुष सतरा हजार सहाशे आणि बायका तेरा हजार चारशे. इतका फरक कशानं पडला? त्यांनी पानं उलटली. एकेचाळीसशे माणसं घरांत राहतच नव्हती. ती सामूहिक निवासात राहत होती. जवळजवळ सगळे पुरुष, बहुतेक वीस ते पन्नासच्या आतले.

पुण्यात बसलेल्या माणसाच्या मनात इथं काय आलं असतं कोण जाणे. पण तोडणकर सिंगापूरचे होते आणि गोदीतले होते. हजारो पुरुष, धट्टेकट्टे, बायकामुलांवाचून एका आवारात राहणारे, म्हणजे काय हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. अठरा वर्षं त्यांच्या हाताखालचे वेल्डर आणि फिटर पहाटे अशाच डॉर्मिटरीतून लॉरीनं येत आणि संध्याकाळी तिथंच परत जात.

‘‘डॉर्म,’’ ते प्रणिताला म्हणाले आणि आकड्याखाली हिरव्या पेनानं दोन रेघा मारल्या. ‘‘कामगार आहेत, तयार आहेत, गावातच आहेत. तुझी दुसरी पाळी इथून उभी राहते.’’

‘‘नक्की, बाबा?’’

‘‘प्रणिता, मी अशी माणसं चेहऱ्यानं ओळखतो.’’

प्रणितानं तो आकडा आपल्या मांडणीच्या मधोमध बसवला. वरुण फक्त एवढं म्हणाला की अमेरिकेत डॉर्म असतात हे त्याला माहीत नव्हतं. तोडणकर म्हणाले, तुला अजून बरंच काही माहीत नाही. वरुणनं हसून आमटी वाढली.

सोमवारी रात्री आठला, म्हणजे तिकडच्या सकाळी आठला, निवड करणाऱ्या वरिष्ठांबरोबर प्रणिताचा कॉल होता. आदल्या रविवारी सकाळी तोडणकर किमयाला घेऊन बसनं लिटिल इंडियाला गेले. ओले नारळ, कढीपत्ता आणि चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका मोठ्या दुकानातून वरुणसाठी इडलीपात्र, अशी यादी होती. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. आठवड्याच्या सुटीला साऱ्या बेटावरच्या डॉर्ममधले लोक तिथं येतात. न्हाव्याकडे रांग, फोनवर गावाकडची बायको, हिरवळीवर उघडलेली भाताची पुडकी. तोडणकरांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

नारळवाल्यापाशी किमयानं विचारलं, ‘‘आजोबा, हे सगळे डॉर्ममधून येतात ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तुझे हॅलोवेचे फोर थाउजंड अंकल संडेला कुठे जातात?’’

‘‘जात असतील बाजारात.’’

‘‘बाय व्हॉट? बस नाही, तूच म्हणालास. आणि हू कट देअर हेअर? आख्ख्या काउंटीत चार बार्बर आहेत, तूच वाचलंस.’’

तोडणकर नारळ कानाशी धरून हलवत होते. हात तसाच थांबला. चार न्हावी. एकोणीस खाणावळी, त्यातल्या बऱ्याच हमरस्त्यावर. एकेचाळीसशे तरण्याताठ्या पुरुषांनी एकाच रविवारी केस कापायचे ठरवले तर ती चार माणसं दिवाळीपर्यंत उठणार नाहीत. नारळवाला म्हणाला, ‘‘सर, पानी है, लेना है तो लो.’’

पाणी. त्यांनी पाणी विचारलंच नव्हतं.

समोरच्या मिठाईच्या दुकानात दोघं बसली. त्यांनी फोनवर तोच तक्ता उघडला आणि या वेळी त्याच्या पोटातला बारीक तक्ताही उघडला. ऐंशी माणसं वृद्धाश्रमात. चार हजार वीस माणसं तुरुंगात. अमेरिकेची जनगणना माणूस जिथं राहतो आणि झोपतो तिथं त्याला मोजते. मग त्याच्या खोलीचं कुलूप आतून असो की बाहेरून. तोवर किमयानं हॅलोवेचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र शोधलं होतं. शेतांच्या मधोमध करड्या इमारती आणि भोवती दुहेरी कुंपण.

‘‘आजोबा,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘मम्मी विल किल यू.’’

‘‘जिलेबी खा. मग जाऊ.’’

घरी प्रणिता आरशासमोर बोलून पाहत होती. तोडणकरांनी पिशव्याही खाली ठेवल्या नाहीत.

‘‘प्रणिता, डॉर्म नाहीत ते. तुरुंग आहे.’’

ती वळली.

‘‘सगळे?’’

‘‘ऐंशी म्हातारे सोडून.’’

‘‘बाबा, माझी अख्खी दुसरी पाळी तुरुंगात आहे.’’

‘‘हो.’’

‘‘चेहऱ्यानं ओळखतो म्हणालात.’’

‘‘म्हणालो. चुकलो. खालचा तक्ता उघडला नाही. माझ्या हाताखालच्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला शिडीवरून उतरवलं असतं.’’

‘‘मी काय करू आता? उद्या कॉल आहे.’’ तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते अधिक वाईट होतं. ‘‘अकरा वर्षं, बाबा. त्यांच्यासमोर मी म्हणणार होते की माणसं गावातच आहेत.’’

तोडणकरांनी पिशव्या ठेवल्या, चष्मा पुसला आणि आपल्या खुर्चीत बसले. रंगमंचावर वाक्य विसरलेला नट दोन प्रकारचा असतो. एक विंगेकडे बघतो. दुसरा समोरच्या पात्राकडे बघतो आणि नाटक पुढे नेतो.

‘‘किमया, लाल पेन दे. चार हजार वीस काढून टाक सगळ्यांतून. ऐंशी आजीआजोबा राहू देत.’’

आकडा वजा झाला आणि हॅलोवेचा चेहराच बदलला. पुरुष आणि बायका जवळपास बरोबरीत आले. तरणंबांड वाटणारं गाव एकदम वयस्क झालं. पाचातला एक पासष्टच्या पुढचा होता तो आता चारातला एक झाला. काम करणारी माणसं उरली अकरा हजार. प्रणितानं कपाळाला हात लावला.

‘‘थांब,’’ तोडणकर म्हणाले. ‘‘ही अकरा हजार कुठे काम करतात?’’

ते पान त्यांच्याकडे होतं. पिवळ्या बसच्या कौतुकात मागे पडलं होतं. अकरा हजारांतली सहा हजार दोनशे माणसं रोज काउंटीच्या बाहेर कामाला जात होती. एका बाजूला सरासरी पाऊण तास.

प्रणिता पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसली. ‘‘म्हणजे माणसं आहेत.’’

‘‘आहेत. सकाळी निघून जातात.’’

‘‘रोज दीड तास गाडीत.’’ तिनं कागद स्वतःकडे ओढला. आता ती बापाची मुलगी राहिली नव्हती. ती कारखाना चालवत होती. ‘‘दुसरी पाळी नकोच मग. या माणसांना संध्याकाळी घरी असायचंय. एकच पाळी, पहिल्या वर्षी दीडशे माणसं. आणि सुरुवात सातला नाही. शाळेची बस किती वाजता येते, वरुण?’’

‘‘आठच्या आधी. मी बघून ठेवलंय, किमयासाठी.’’

‘‘साडेआठला सुरू करू. पोर बसमध्ये बसवून आई कामावर येईल.’’

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सगळं नव्यानं मांडलं. रात्री आठला ती आतल्या खोलीत गेली. तोडणकर स्वयंपाकघरात उभे राहिले, नाटकाच्या लोकांनी विंगेत राहावं तसे. कान दाराला लावायला त्यांना लाज वाटली नाही.

प्रणिता इंग्रजीत सावकाश बोलत होती. तिनं सुरुवातच चुकीपासून केली. कालपर्यंत माझ्या मांडणीत एकेचाळीसशे कामगार होते, ते मी काढले आहेत, कारण त्यातले चार हजार वीस तुरुंगात आहेत. पलीकडे कुणीतरी खाकरलं. हे तुम्हाला कसं कळलं, असा प्रश्न आला. ‘‘माझ्या मुलीनं विचारलं, ही माणसं रविवारी कुठे जातात,’’ ती म्हणाली, आणि पलीकडे दोघंतिघं हसली. मग ते हसणं थांबलं आणि एक जाड आवाज म्हणाला की आधीच्या दोन उमेदवारांनी भरपूर मनुष्यबळ आहे असं सांगितलंय.

‘‘भरपूर आहे,’’ प्रणिता म्हणाली. ‘‘पण सकाळी साडेसहाला ते हमरस्त्यावर असतं.’’

पुढची वीस मिनिटं ती साडेआठच्या पाळीवर बोलली. शेवटी जाड आवाजानं विचारलं, ‘‘बाहेर त्यांना जास्त पगार मिळत असेल तर?’’

स्वयंपाकघरात तोडणकरांनी डोळे मिटले. हे त्यांनी काढलं नव्हतं.

‘‘तिथं किती मिळतो ते मला अजून माहीत नाही,’’ प्रणिता म्हणाली. ‘‘अंदाज सांगणार नाही. या आठवड्यात आकडा पाठवते.’’

गुरुवारी दुपारी ती ऑफिसातून लवकर घरी आली. तोडणकर टेबलापाशी होते. पुढ्यात शेजारच्या काउंटीची पानं पसरली होती, तिथली गोदामं आणि कारखाने, एकेकाचा तासाचा पगार.

‘‘जागा मिळाली,’’ ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याआडचे डोळे भरून आले, पण आवाज जागेवर होता. ‘‘मिळणारच होती. बस. हे बघ, तिकडे तासाला एकवीस डॉलर देतात. तू बावीस दे.’’

प्रणितानं पर्स न काढताच पान उचललं, वरून खाली वाचलं, मग त्याखालचं आणि त्याच्याही खालचं.

‘‘बावीस नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दीड तास आणि पेट्रोल वाचतंय त्यांचं. वीसला येतील. वर मुलांच्या डॉक्टरचा विमा देईन.’’

‘‘वीसला नाही यायचे. गोदीत मी अशी कितीतरी...’’

‘‘बाबा, कारखाना माझा आहे.’’

तोडणकर बोलायला गेले, थांबले, आणि मग फार खुशीत हसले. तिन्ही पेनं त्यांनी तिच्या बाजूला सरकवली आणि चहा टाकायला उठले.